तहशाचं कातडं

"पेशंट तुमचे कोण लागतात?" मंजुषानं जिन्यात विचारलं आणि मी म्हणाले, "गावाकडचे आहेत." एवढंच झालं. मंजुषा खालच्या मजल्यावर राहते आणि डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आजचा नंबर तिनंच लावून दिला होता, आणि कागद भरायचे म्हणून तिनं सहज विचारलं होतं. "बरं, दोनला या, येताना आधार कार्ड आणा," असं म्हणत ती किल्ली बोटात फिरवत उतरून गेली. मी दुधाची पिशवी धरून पायरीवर तशीच उभी राहिले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! वर आमच्या घराचं दार उघडं होतं आणि दाराच्या आत, चपला काढायच्या जागेला लागून, भिंतीला पाठ टेकून आबा बसलेले होते. आबा म्हणजे माझे वडील. वैजीनाथ, राहणार पेडगाव, वय त्यांच्या हिशेबानं ऐंशी, आधार कार्डाच्या हिशेबानं चौऱ्याहत्तर. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत. मी आत आले, दूध गॅसवर ठेवलं, उगाच भांड्यांचा आवाज केला. कोण होतं गं, असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. काहीतरी बोलता आलं असतं. ते म्हणाले, "दूध उतू जाईल, ध्यान ठिव." दूध अजून कोमटसुद्धा झालेलं नव्हतं.

चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून घेतला आणि बशी दोन्ही हातांनी धरून प्यायले. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाले, "हितं गार लागतं." काल रात्री पलंगावर झोपा म्हटलं तरी हेच. माझा नवरा नांदेडला बँकेत असतो, शनिवारी येतो. मुलगी पुण्याला शिकते. घरात मी एकटी, तीन खोल्या रिकाम्या, आणि हा माणूस चपलांशेजारी. मला राग आला. आपलीच चूक असली की मला समोरच्याचा राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मी टेबलाशी जाऊन लॅपटॉप उघडला. कॉलेजात बारावीला मराठी शिकवते, आज रजा टाकली होती, पण दुसरं एक काम गळ्याशी आलेलं होतं. संभाजीनगरची काही मंडळी बायबलमधल्या प्राण्यांचा कोश काढतायत. हिब्रू शब्द, त्याचा अर्थ, धर्मात त्याला काय स्थान. हिब्रू जाणणारे एक वृद्ध पंडित टिपणं पाठवतात, मी त्यांची वाचता येईल अशी मराठी करते, आणि भक्ती नावाची संपादक रोज फोन करून माझ्या मागं लागते. टोळ झाला, कबुतर झालं, गाढव झालं, गाढव तर मला फारच छान जमलं. आठ दिवसांपासून मी तहशापाशी अडकले होते. आज संध्याकाळी पानं प्रेसला जाणार होती.

तहश. मोशेच्या मागून रानातून चालत निघालेल्या लोकांनी देवासाठी एक तंबू उभारला, निवासमंडप. त्यावर चार आच्छादनं. सगळ्यात आत तलम कापड, निळं, जांभळं, किरमिजी. त्यावर शेळीच्या केसांचं विणलेलं. त्यावर मेंढ्यांची लाल रंगवलेली कातडी. आणि सगळ्यात वर, ऊन, वारा, धूळ झेलायला, तहशाची कातडी. आत एवढं वैभव, पण लांबून येणाऱ्याला दिसायचं ते नुसतं कातडं. मुक्काम हलला की आतली पवित्र भांडीसुद्धा याच कातड्यात गुंडाळायची. आणि पुढं एका संदेष्ट्याच्या तोंडून देव आपल्या लाडक्या नगरीला म्हणतो, मी तुझ्या पायात तहशाची पायताणं घातली. म्हणजे देवाच्या डोक्यावर जे कातडं, तेच माणसाच्या पायात. आता हा तहश प्राणी कोणता? कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं बिज्जू, कुणी म्हणतं सील, कुणी समुद्रगाय, कुणी डॉल्फिन. वाळवंटात डॉल्फिन कुठून आणला ते त्यांचं त्यांना माहीत. जुन्या यहुदी गुरूंनी यावर मोठा वाद घातला. त्यातले एक म्हणाले, तो रंगीबेरंगी प्राणी होता, शुद्ध होता, कपाळावर एकच शिंग होतं, मोशेच्या काळापुरता तो समोर आला, मंडपाचं काम झालं आणि मग त्याला लपवून ठेवण्यात आलं. पंडितांनी या ‘लपवून ठेवण्यात आलं’खाली रेघ मारली होती. मी आठ दिवस ती रेघ बघत होते. काम झाल्यावर का लपवायचं? आणि लपवलेल्याला काय वाटलं असेल, हे कुठल्याच गुरूनं विचारलेलं नव्हतं. टिपणाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: काही अभ्यासकांच्या मते तहश हा प्राणीच नव्हे, कातडं कमावण्याची आणि रंगवण्याची ती एक रीत असावी. ही ओळ मी रोज वाचायची आणि लॅपटॉप मिटून भाजी निवडायला बसायची.

कारण ही ओळ वाचली की मला वास यायचा. चुन्याचा, ओल्या सालीचा, आणि त्याखाली तो तिसरा वास, ज्याला मी कधी नाव दिलं नाही. पेडगावच्या बाहेर, ओढ्याच्या अंगाला आमची पंधरा घरं. मेलेलं जनावर ओढून आणायचं, सोलायचं, कातडं कमवायचं, त्याच्या मोटा, वाद्या, वहाणा करून गावाला द्यायच्या, हे आबांचं काम. घरामागं दोन हौद होते, एक चुन्याचा, एक बाभळीच्या सालीचा. शाळेत मी शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ. बाईंनी कधी तसं सांगितलं नाही, माझं मीच ठरवलं होतं. वास माझ्या केसांना होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही, पण आजही मी वर्गात शिकवताना खिडकीजवळच उभी राहते. आई, कडूबाई, प्रार्थनेला जायला लागली ती माझ्या आठव्या वर्षी. ख्रिस्ती पाळक आमच्याकडच्याच एका पडवीत प्रार्थना घ्यायचे, मग लोकांनी कुडाची एक मोठी झोपडी उभी केली. आबा कधी प्रार्थनेला बसले नाहीत. म्हणायचे, "मला धर्माचं कळत न्हाई. पानी कुठनं गळायलंय ते कळतं." झोपडी गळत होती. तेव्हा नुकत्याच विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या आणि चामड्याच्या मोटा लोकांनी गोठ्यात फेकून दिल्या होत्या. आबांनी घरोघर जाऊन त्या मागून आणल्या, उसवल्या, धुतल्या, पुन्हा सालीत घातल्या, तेल पाजलं, आणि महिनाभर खपून त्यांचं एक अखंड छत शिवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. त्या पावसाळ्यात झोपडीत थेंब आला नाही. लोक कोरड्या अंगानं गाणी म्हणायचे, आणि आबा बाहेर ओसरीला बिडी ओढत कुठून आवाज येतो का ऐकायचे.

त्या छताचा दिवस मी विसरायचा फार प्रयत्न केला. परभणीहून एक बाई आल्या होत्या, वसतिगृहात गावोगावच्या हुशार मुली निवडून न्यायच्या. मी अकरा वर्षांची. पाठ केलेली स्तोत्रं धडाधड म्हणून दाखवली. बाई खूश झाल्या. मग त्यांनी वर बघितलं, पदर नाकाला लावला आणि विचारलं, "हे कसलं गं छत? कुणी केलं?" आबा तेव्हा शिडीवर होते, बरोबर आमच्या डोक्यावर, शेवटची वादी आवळत. त्यांचे पाय मला दिसत होते, टाचांच्या भेगांत चुना भरलेला. मी म्हटलं, "माहीत नाही." बाई म्हणाल्या, "आणि तो वर कोण आहे?" मी म्हटलं, "गावातला माणूस आहे." पाय हलले नाहीत. वादी आवळल्याचा आवाजही पुढं आला नाही, आम्ही तिथून निघेपर्यंत तो आला नाही. जूनमध्ये मी वसतिगृहात गेले. दोन वर्षांनी झोपडीच्या जागी स्लॅबची खोली झाली, आणि सुट्टीत मी घरी गेले तेव्हा छत ओढ्यात पडलं होतं. कुत्री ते दोन-दोन हात ओढून नेत होती. मी आईला विचारलं, आबांनी ते परत का नाही आणलं? आई म्हणाली, "तेंनी बघितलं. आन् घरात आले." त्याच साली आबांनी हौद बुजवले. पुढं लोकांच्या शेतात सोयाबीन काढायला, हळद खणायला जात राहिले. आई गेली तेव्हाही त्यांना मी इकडं या म्हटलं नाही. म्हणजे म्हटलं, पण त्यांनी नाही म्हणावं अशा आवाजात म्हटलं.

अकरा वाजता मी उठले, दोनदा हात धुतले, गॅलरीत गेले, परत आले. समोरच्या रस्त्यावर वसमतचा फलक लावलेली एसटी खड्ड्यातून खडखडत गेली. मग मी स्वतःलाच म्हटलं, राजेश्री, तू जगभरच्या पंडितांची मतं वाचतेस आणि कातडं कमावलेला एक माणूस तुझ्या दाराशी बसलाय. मी आबांशेजारी फरशीवर बसले. फरशी खरंच गार होती. मी त्यांना सगळं सांगितलं, तंबू, चार आच्छादनं, न सापडणारा प्राणी, एक शिंग. आबा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. शेवटी हसले. दात दोनच उरलेत.

"जनावर हुडकायलेत व्हय?" ते म्हणाले. "आगं, म्हशीचं आसू दे, बैलाचं आसू दे, चुन्याच्या हौदातनं भाईर काढलं की समदी येकसारखीच. केस गेले, रंग गेला. मग बाभळीच्या सालीत घातलं की लाल. तरवडात घातलं की पिवळं. हिरडा घातला की काळपट. रंग जनावराचा नसतोय. हाताचा असतोय."

"मग तंबूवर कोणतं घातलं असेल त्यांनी?"

"पान्याखाली? बाभळीचं घालावं. आन् करडीचं तेल पाजावं, उनात ठिवून, तीन येळा. सुईनं भोकं पाडली का तिथं मेण घासावं, न्हाईतर तिथनंच पाझरतंय." त्यांची बोटं हवेत टाके घालत होती. अंगठ्याचं नख अजून तसंच जाड, पिवळं. "पेडगावच्या मांडवाला तसंच केलं व्हतं मी." मग बोटं थांबली. "तू तवा लय ल्हान व्हतीस," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवला.

म्हणजे त्यांना आठवत होतं. मला वाटलं आता बोलावं. वाक्य तयारच होतं, छत्तीस वर्षं तयार होतं. तेवढ्यात त्यांनी माझी पर्स चाचपली, चिमटीत धरून चोळली आणि म्हणाले, "रेक्झिन हाय. फसवलं तुला." मी हसले, आणि हसल्यावर ते वाक्य पुन्हा आत गेलं.

टेबलाशी जाऊन मी एका दमात नोंद लिहून काढली. इतके दिवस अडलेली लेखणी अशी सुटली की मलाच भीती वाटली. प्राण्याची सगळी मतं दिली, गुरूंचा एकशिंगी तहश दिला, आणि मग चुना, बाभूळ, तरवड, करडीचं तेल, टाक्यावरचं मेण. लिहिलं की हा शब्द जनावराचा नसून एखाद्या कारागिरीचा असू शकेल. कमावणारे हात विसरले गेले आणि नावाला आधार हवा म्हणून लोकांनी मागाहून एक प्राणी कल्पिला असेल. पाठवली. वीस मिनिटांत भक्तीचा फोन. "मॅडम, काय सुंदर झालंय हो! कमावण्याची माहिती कुणी दिली? नाव घालावं लागेल, माहितगारांची यादी आहे ना शेवटी." मी आबांकडं बघितलं. ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी हळूच विचारलं, "आबा, पुस्तकात तुमचं नाव घालू?" ते म्हणाले, "कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि मी, काय सांगू, मला किती हलकं वाटलं! मी फोनमध्ये म्हटलं, "स्थानिक माहितगार, परभणी जिल्हा, एवढंच घाला." भक्ती म्हणाली, "ठीक आहे, बदलायचं असलं तर सहापर्यंत सांगा." फोन ठेवल्यावर मला ते हलकं वाटणं सहन होईना. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटल्या, आठ पोळ्या, दोन माणसांना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला सारखं वाटत होतं की आबांना दिसतंय, सगळं दिसतंय, मोतीबिंदूचं नुसतं निमित्त आहे.

दोनला रिक्षानं दवाखान्यात गेलो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि टोपी हातात धरली होती. बाकावर दहा-बारा म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या भुवईवर चिकटपट्टी. मी त्यांना काउंटरजवळच्या बाकावर बसवलं आणि आधार कार्डाची झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडं गेले. परत आले तर नर्सनं त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि मंजुषा काचेमागून त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होती. मी माणसांमागं होते. तिला मी दिसले नाही, त्यांना तर कुणीच दिसत नव्हतं.

"बाबा, सहीला घरचं माणूस लागतं. मॅडम नुसत्या ओळखीच्या आहेत ना तुमच्या?"

"व्हय," आबा म्हणाले. "गावच्या हायेत. लय मोठ्या मनाच्या बाई. माझ्यासाठनं रजा टाकली त्येंनी."

"मग मुलगा, मुलगी, कुणी?"

"कुणी न्हाई बाई. मला लेकरूबाळ न्हाई झालं. माझाच अंगठा घ्या की."

एक क्षणही न थांबता म्हणाले. आवाज कापला नाही, शब्द शोधावा लागला नाही. वापरून वापरून मऊ झालेलं वाक्य होतं ते. आणि मला एकदम कळलं की हे आज पहिल्यांदा नाही. वसतिगृहाच्या फाटकावर हरभरा, बोरं, भाकरी यायची आणि शिपाई म्हणायचा, तुमच्या गावचा एक माणूस ठेवून गेला. मी समजायचे, एसटीनं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आबांनी पाठवलं. सात वर्षं मी तसंच समजत होते. माझ्या लग्नात ते मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसले होते, आणि सासरच्या कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं असेल? आत्ता सांगितलं तेच! शिडीवर असताना ऐकलेलं माझं वाक्य त्यांनी उचललं होतं आणि जन्मभर माझ्या बाजूनं तेच बोलत राहिले होते. मला एवढी लाज वाटली की आधी रागच आला, या माणसाला कुणी सांगितलं होतं एवढं करायला, आणि मग पाय आपोआप पुढं गेले.

"मी त्यांची मुलगी आहे," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. बाकावरची दोन-तीन माणसं वळली.

मंजुषानं वर बघितलं. "अहो, पण सकाळी तुम्ही..."

"सकाळी खोटं बोलले. लिही. राजेश्री वैजीनाथ. मुलगी."

तिनं लिहिलं. मग पुढचा रकाना. "व्यवसाय? आधी काय करायचे?"

"कातडी कमवायचे. मेलेली जनावरं ओढून आणायची, सोलायची आणि कमवायची."

तिचं पेन थांबलं. किती वेळ? एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. तिनं माझ्याकडं बघितलं, गेल्या सहा वर्षांत माझ्या घरात खाल्लेलं काहीतरी तिला आठवलं असावं, आणि मग ती समजूतदार आवाजात म्हणाली, "मॅडम, शेती लिहिते ना मी. कागदालाच तर हवंय." ती वाईट नाही. तिनं खरोखर माझ्या भल्यासाठी म्हटलं. तिच्या त्या थांबण्याला मी सगळा जन्म भ्यायले होते, आणि ते एवढंसंच होतं, आणि तरीही ते होतं. "नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं तेच लिही." तिनं लिहिलं. मी सही केली. त्याच काउंटरवर उभी राहून मी भक्तीला मेसेज पाठवला, नाव, गाव, काम, आणि ‘माझे वडील’. मग बाकावर आबांशेजारी जाऊन बसले. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा डोक्यावरून हात फिरवतील. काय काय वाटलं होतं मला!

आबांनी तोंड फिरवलं. रागावले होते ते. "काय केलंस हे?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्या बाईच्या घराखाली राह्यचंय तुला. पोरीचं लगीन व्हायचंय. येवढी सालं झाकून ठिवलं मी, उनापान्याचं. येका घटकंत उघडं केलंस." मी म्हटलं, "आबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "तुझं काय चुकलं? ल्हान व्हतीस. मला वाटलं, हीच रीत बरी." सत्तेचाळीस वर्षांची बाई बापाच्या धोतराचा सोगा धरून दवाखान्यात हमसून हमसून रडली, आणि बाकावरची म्हातारी माणसं एका डोळ्यानं बघत राहिली.

नर्सनं नाव पुकारलं. आबा उठले, थेंबांनी भिजलेले डोळे मिटलेलेच होते. आत जायला दोन पायऱ्या होत्या. नर्सनं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, टोपी डोक्यावर घातली आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "राजे! आगं कुठं हायस? ये की हितं, बापाला पायरी दिसंना."